शाळेला उशीर झाला तर झाला

एक कल्पना करा. तुम्ही नाटक बघायला आला आहात, पण पुढच्या दारानं नाही, मागच्या. इथं तिकीट विचारणारं कुणी नाही. एक लोखंडी जिना आहे. त्याची तिसरी पायरी पाय ठेवला की किंचाळते, म्हणून इथं काम करणारी सगळी माणसं ती सोडून चढतात. तुम्हीही सोडा. वर आलं की एक अरुंद बोळ लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या नाटकांतली दारं, खिडक्या आणि एक अर्धी होडी उभी करून ठेवलेली असते. बोळ संपतो तिथं काळा पडदा. तो चार बोटं बाजूला केलात की रंगमंच दिसतो, पण कडेनं. समोर बसलेल्यांना नटाचा चेहरा दिसतो. तुम्हाला त्याचा कान दिसतो, मानेवरचा घाम दिसतो, आणि पांढऱ्या टोपाखालून डोकावणारे त्याचे खरे काळे केस दिसतात. या जागेला विंग म्हणतात.

विंगेत दोन स्टुलं आहेत. उंच स्टुलावर मावशी बसते. ती कुणाची सख्खी मावशी नाही, पण नाटक कंपनीतले सगळेच तिला मावशी म्हणतात. ती प्रॉम्प्टर आहे. तिच्या मांडीवर नाटकाची वही असते, वहीवर बोटभर उजेड पाडणारा दिवा असतो, आणि नट एखादं वाक्य विसरला की ती ते त्याला कानात सांगितल्यासारखं सांगते. म्हणजे पूर्ण वाक्य नाही. मावशीचा नियम असा, की फक्त पहिला शब्द द्यायचा.

"खरा नट असेल तर एका शब्दावर गाडी सुरू होते," ती म्हणायची. "दुसरा शब्द द्यावा लागला तर तो घरी जाऊन रडतो. तिसरा द्यावा लागला तर मी घरी जाऊन रडते, कारण तो चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जातो."

बुटक्या स्टुलावर नऊ वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिला इथं सगळे शेपटी म्हणतात. एक तर तिचे केस कमरेपर्यंत आहेत, आणि दुसरं म्हणजे ती मावशीच्या मागं मागं असते. शेपटीची आई दवाखान्यात नर्स आहे. शनिवारी तिची दुपारची पाळी असते, म्हणून शनिवारी दुपारी शेपटी इथं. आणि समोर, टोपाखालून काळे केस डोकावणारा तो नट म्हणजे तिचे बाबा.

आता थोडं मागं जाऊ या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा तेव्हा नट नव्हते. म्हणजे होते, पण रविवारपुरते. एरवी ते एका कचेरीत टपाल नोंदवायचे. आई पहाटेच घर सोडायची, त्यामुळे शेपटीला शाळेसाठी तयार करणं बाबांकडे होतं. दूध, डबा, मोजे हे सगळं त्यांना जमायचं. एक गोष्ट जमायची नाही: केस. शेपटीचे केस असे, की रात्री उशीवर डोकं ठेवलं की सकाळपर्यंत त्यात सुगरणीनं घरटं बांधलेलं असायचं. बाबा फणी लावायचे, शेपटी किंचाळायची, घड्याळ पुढं पळायचं. एका सकाळी दोघांनाही रडायला आलं होतं, तेव्हा हात थांबू नयेत म्हणून बाबा काहीतरी पुटपुटायला लागले. दुसऱ्या दिवशी तेच पुटपुटले. आठवड्याभरात त्याची कविता झाली:

हळू धर, हळू ओढ,
गाठ काही पळत नाही.
दुखलं तर सांग मला,
सांगितल्याविना कळत नाही.
शाळेला उशीर झाला तर झाला,
अर्ध्यातून मी वळत नाही.

पहिल्या दोन ओळी फणीसाठी होत्या, मधल्या दोन शेपटीसाठी आणि शेवटच्या दोन घड्याळासाठी. शेपटीनं हे स्वतःच शोधून काढलं होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, हे तर मलाही माहीत नव्हतं."

कविता चांगली आहे की वाईट, हे तुमचं तुम्ही ठरवा. तिचं काम एवढंच होतं, की वेणी संपेपर्यंत ती पुरायची. गाठ मोठी असली तर दोनदा म्हणावी लागायची.

एका सकाळी बाबांचा मित्र घरी आला. हा मित्र नाटकं बसवायचा. आपण त्याला दिग्दर्शक म्हणू. त्याच्या हातात नव्या नाटकाची वही होती आणि शेवटचा प्रवेश काही केल्या जमत नव्हता. एका म्हाताऱ्याची मुलगी दूर निघून गेली आहे, म्हातारा एकटा बसला आहे, आणि आता तो काय बोलणार, हेच सुचत नव्हतं. दारात उभं राहून त्यानं बाबांना वेणी घालताना ऐकलं. चप्पल काढायचीही विसरला.

"हे मला दे," तो म्हणाला.

"काय, फणी?"

"फणीसकट दे. म्हाताऱ्याचं कामही तूच कर."

बाबांना इतका आनंद झाला की त्या दिवशी वेणीचे दोनच पेड घातले गेले आणि ती संध्याकाळपर्यंत सुटली. तालमी सुरू झाल्या. तालमीत दिग्दर्शकानं एकच शब्द बदलला. "शाळेला काय, शाळेला?" तो म्हणाला. "शाळा म्हटलं की लोकांना मधली सुट्टी आठवते. जन्माला म्हण. जन्माला उशीर झाला तर झाला, अर्ध्यातून मी वळत नाही. बघ, काटा आला की नाही?"

बाबांनी म्हणून बघितलं. तालमीतल्या सगळ्यांना खरंच काटा आला. मग राहिलं ते तसंच.

त्या नाटकाचं नाव सांगत बसत नाही. नाव फार लांब होतं. एवढंच सांगतो, की ते चाललं. चाललं म्हणजे पहिल्या महिन्यात चाललं, मग पळायला लागलं. बाबांनी कचेरी सोडली. नाट्यगृहाच्या दारात प्रयोगांचा आकडा लिहिलेली पाटी लागायची; शंभर झाले, तीनशे झाले, पाचशेला पाटीला फुलं लागली. "जन्माला" या शब्दाची ओळ संपली की प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. बाबा तिथं थांबायचे, टाळ्या ओसरू द्यायचे, मग पुढची ओळ म्हणायचे. थांबायचंच असतं, नाहीतर शेवटची ओळ टाळ्यांत बुडते. नाटकवाल्यांना हे मोजून करता येतं, जसं सुताराला डोळ्यांनी इंच मोजता येतो.

दुकानात गेलं तरी लोक बाबांना ती कविता म्हणून दाखवायचे. कुणीतरी लाकडी फण्या काढल्या, त्यांच्या पाठीवर "जन्माला उशीर" असं कोरलं. त्या नाट्यगृहाच्या दारात विकायला असायच्या. आणि एक नवीनच खूळ निघालं. प्रयोगाआधी लोक आपल्या लहान मुलींना घेऊन यायचे, बाबांनी मुलीच्या केसांना फणी लावायची आणि फोटो काढायचा. रोज दोन-तीन मुली तरी असायच्या.

आणि घरी? घरी शेपटी आता आपले केस आपणच बांधायची. पुढून दिसतं तेवढं विंचरायची, बाकीचं रबरात कोंबायची. बाबा प्रयोगाहून उशिरा यायचे आणि सकाळी पलंगाच्या कडेला एक मोजा हातात घेऊन नुसते बसलेले असायचे. दुसरा मोजा शोधतायत असं वाटायचं, पण तो पायात असायचा.

"बाबा, वेणी?"

"आज नको गं. आज दोन प्रयोग आहेत. बोललो तर आवाज बसेल."

"मग न बोलता घाला."

"हूं," बाबा म्हणायचे. हे हूं म्हणजे नाही. शेपटीला ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

बाबांची एक कवितांची वहीदेखील होती. पूर्वी त्यात टपालाच्या पाकिटांच्या मागं लिहिलेल्या ओळी चिकटवलेल्या असत: एक मांजरावर होती, एक गळक्या नळावर, एक आईच्या पांढऱ्या बुटांवर. आता लोक विचारत होते, "नवीन काय? असंच काहीतरी आणखी लिहा." बाबा वही उघडून बसायचे. एक ओळ लिहायचे, ती ओठांत म्हणून बघायचे, मग थांबायचे. शेपटीनं एकदा मोजलं. ते जितका वेळ थांबले, तितकाच वेळ नाट्यगृहात टाळ्या चालायच्या. मग ते ओळ खोडायचे.

एकदाच, मागच्या थंडीत, त्यांनी घरी कविता म्हटली होती. सुट्टीचा दिवस होता. शेपटी स्वयंपाकघरात पाटावर बसली, बाबांनी मागं बसून फणी घेतली. "हळू धर, हळू ओढ." आवाज चांगला होता, फारच चांगला, भिंतीवरच्या ताटल्यांना ऐकू जाईल असा. शेपटीनं डोळे मिटले. दुखलं तर सांग मला, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाबा म्हणाले, "जन्माला उशीर झाला तर झाला," आणि थांबले.

फणी केसांत तशीच राहिली. स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुसू करत होती. बाबा थांबलेच होते. शेपटीही थांबली, तिला वाटलं गाठ आली असेल. मग तिला कळलं. ते टाळ्यांसाठी थांबले होते.

बाबांनाही कळलं. त्यांनी शेवटची ओळ म्हटलीच नाही. "पाणी पिऊन येतो," म्हणाले, आणि गेले. त्यानंतर शेपटीनं विचारणं सोडलं.

केसांचं मात्र काही सुटलं नाही. मानेच्या मागं, जिथं तिचा हात पोचायचा पण डोळा पोचायचा नाही, तिथं एक गाठ झाली होती. आधी सुपारीएवढी होती, मग अक्रोडाएवढी झाली. आईनं ती परवा बघितली.

"शेपटे, हे काय गं? उंदरांना भाड्यानं दिलंयस का?" आईनं दोन बोटांनी गाठ चाचपली आणि उसासा टाकला. आई रात्रभर दुसऱ्यांची अंथरुणं बदलून आली होती. "रविवारी मला सुट्टी आहे. कापून टाकू या. कानापर्यंत. मग ना फणी, ना भांडण."

"मी सोडवीन."

"कधी? आणि कशी? डोळे काय पाठीला आहेत तुझ्या?"

केस गेल्याचं तिला तसं वाईट वाटलं नसतं. वर्गातल्या निम्म्या मुलींचे केस कानापर्यंत होते. पण केसच गेले तर फणी कशाला, आणि फणीच नाही तर बाबा मागं येऊन बसणार कशाला? हे आईला कसं सांगायचं ते तिला कळेना. म्हणून तिनं आपली जुनी फणी, एक दात पडलेली, दप्तरात टाकली आणि शनिवारी ती नाट्यगृहात आली. उद्या रविवार होता.

तर आता आपण परत विंगेत आलो. दारातल्या पाटीवर आकडा होता सहाशे बारा.

प्रयोग सुरू होण्याआधी बाबा दारातल्या दालनात उभे होते, टोप आणि पांढऱ्या मिशा लावून. एक गृहस्थ आपल्या लहानग्या मुलीला घेऊन आले होते. "अगदी नाटकात करता तसंच करा हां," ते म्हणाले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाबांनी तिच्या केसांत फणी घातली आणि चेहरा कॅमेऱ्याकडे केला, जिथं उजेड होता तिकडे.

"दुखतंय," मुलगी म्हणाली.

बाबा हसले. फोटोत हसायचं असतं.

"दुखतंय ना," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

"झालं, झालं, एकच अजून," गृहस्थ म्हणाले.

शेपटी फण्यांच्या टेबलाशी उभी होती. तिनं बाबांकडे बघितलं आणि बाबांनी तिच्याकडे. मग पहिली घंटा झाली.

आता मावशीच्या वहीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या वहीत सगळं होतं. कुणी कधी शिंकायचं तेही होतं. पण शेवटच्या प्रवेशात, जिथं कविता येते, तिथं पान कोरं होतं आणि वर मावशीच्या अक्षरात एवढंच होतं: "कविता. त्यांची स्वतःचीच आहे. पाठ आहे." पहिल्या तालमीत लिहिलेलं. आपलंच लेकरू कुणी विसरतं का, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे पहिल्या प्रयोगापासून असं ठरूनच गेलं होतं, की कविता सुरू झाली की मावशीची सुट्टी. गुडघे धरून ती स्टुलावरून उतरायची, दिवा तसाच ठेवायची आणि बोळातल्या अर्ध्या होडीत बसून थर्मासमधला चहा प्यायची. पडदा पडेपर्यंत तिला तेवढाच चहा मिळायचा.

त्या शनिवारीही ती उतरली. "वहीवर लक्ष ठेव गं, शेपटे," ती नेहमीसारखं म्हणाली. "पळून जायची ती."

रंगमंचावर म्हातारा खुर्चीत बसला. त्यानं खिशातून फणी काढली. बाबांच्या आवाजात नेहमीचंच वजन होतं.

"हळू धर, हळू ओढ, गाठ काही पळत नाही." प्रेक्षागृहातला खोकला बंद झाला. "दुखलं तर सांग मला, सांगितल्याविना कळत नाही."

आणि बाबा थांबले.

इथं थांबायचं नसतं. शेपटीला हे माहीत होतं. टाळ्या पुढच्या ओळीत असतात. तिनं बाबांच्या कानाकडे बघितलं, मग मानेकडे. मानेवर घामाचा एक थेंब खाली आला आणि कॉलरमध्ये गेला. दुसरा आला. बाबांचे डोळे फणीवर होते, आणि फणी धरलेला अंगठा हळूहळू पुढं-मागं होत होता. घरी मोठी गाठ लागली की तो असाच व्हायचा.

शेपटीनं वही बघितली. दिव्याच्या बोटभर उजेडात कोरं पान. तिनं मागं बघितलं. बोळात अंधार होता, मावशी होडीत पाठमोरी बसली होती. हाक मारली असती तर आवाज पोचला असता, पण तो चौथ्या रांगेलाही पोचला असता.

फक्त पहिला शब्द द्यायचा. पण कुठला? तिला दोन्ही येत होते. सहाशे अकरा वेळा लोकांनी ऐकलेला शब्द एक होता. तो दिला असता तर बाबा सुटले असते, टाळ्या पडल्या असत्या, पडदा पडला असता. शेपटीनं तोच द्यायला ओठ उघडले. पण बाबांचा अंगठा तसाच हलत होता, पुढं आणि मागं. घरी तो अंगठा असा हलायचा तेव्हा ओळ शाळेची असायची.

"शाळेला," ती कुजबुजली.

बाबांनी मान वळवली. म्हाताऱ्यानं विंगेकडे बघायचं नसतं. तिकडे नाटकात भिंत असते. बाबांनी भिंतीतून आरपार बघितलं. मग ते म्हणाले, "शाळेला उशीर झाला तर झाला." हे त्यांनी नटाच्या आवाजात म्हटलं नाही. सकाळच्या आवाजात म्हटलं, जरा बसलेल्या, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर असलेल्या. "अर्ध्यातून मी वळत नाही."

प्रेक्षागृहात कुणीतरी एक जण हसला आणि गप्प झाला. मग काहीच झालं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या पडदा पडला तरी थांबेनात. लोक उठून उभे राहिले होते. लोकांना वाटलं, हा अभिनय आहे.

मावशी चहा तसाच ठेवून धावत आली. "काय झालं? काय मोडलं?" तिनं विचारलं. शेपटीनं कोऱ्या पानावर बोट ठेवलं. मावशीनं पान बघितलं, शेपटीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "सहाशे वेळा चहा प्यायले मी," ती म्हणाली, "आणि एकदाही वाटलं नाही, की बापडा विसरू शकेल."

रंगपटात बाबा आरशासमोर बसले होते. टोप टेबलावर होता. एक मिशी काढली होती, दुसरी तशीच. संध्याकाळच्या प्रयोगाला दीड तास होता. दार उघडून दिग्दर्शक आत आला तो हात पसरूनच.

"अरे काय केलंस काय! सहाशे प्रयोग मी ज्याची वाट बघत होतो ते आज केलंस. ते थांबणं. ते विंगेकडे बघणं. आणि शाळा! मीच मूर्ख, मीच ती काढली."

"मी विसरलो होतो," बाबा म्हणाले.

"हो ना, अगदी विसरल्यासारखंच वाटलं."

"वाटलं नाही. विसरलो होतो. दुखलं तर सांग म्हणालो आणि ती दारातली पोर आठवली. ती सांगत होती. मी फोटो काढून घेत होतो. त्याच्यापुढचं काही आलंच नाही."

दिग्दर्शकानं हे ऐकलं, पण त्याचे डोळे आधीच संध्याकाळच्या प्रयोगात होते. "तेच, तेच आण. संध्याकाळपासून हेच ठेवायचं. सांगितल्याविना कळत नाही, मग थांब, वीस आकडे मोज, विंगेकडे बघ. आणि शेपटे, तू रोज तिथं बसायचं. तुझा तो शब्द हवा. रेकॉर्ड नको, तुझाच हवा. पोराच्या आवाजात थरथर असते, ती कुठून आणू मी?"

"तिला शाळा असते," मावशी दारातून म्हणाली.

"उशीर झाला तर झाला," दिग्दर्शक म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मावशी हसली नाही.

"तुम्ही आधी एक शब्द काढलात," ती म्हणाली, "आता तोच परत मागताय. उद्या पोरीची फणीही दारात विकायला ठेवाल."

"मावशी, तुम्ही वहीत कविता लिहून ठेवली असतीत तर आज हे घडलंच नसतं. मी तुमचे उपकारच मानतो."

दिग्दर्शकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय मग? ठरलं?"

बाबांनी दुसरी मिशी ओढून काढली. त्याखालचा ओठ लाल झाला होता. ते इतके दमलेले दिसत होते, की शेपटीला वाटलं, आता ते हूं म्हणतील. आणि हे हूं दिग्दर्शकासाठी हो असेल. बाबांचं हूं असंच होतं. घरी ते नाही व्हायचं आणि इथं हो.

"ही तिची ओळ आहे," बाबा शेवटी म्हणाले. "तिला विचार."

दिग्दर्शक गुडघ्यांवर बसला. "बोला, मालकीणबाई."

शेपटीनं त्याच्याकडे न बघता बाबांना विचारलं, "इथं दिली तर घरी परत मिळते का?"

बाबा आरशात बघत होते, आरशातल्या तिच्याकडे. उत्तराला त्यांनी वेळ घेतला, पण तो टाळ्यांचा वेळ नव्हता.

"मला नाही मिळाली," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी रंगमंच झाडत होतं, त्याचा खराखरा आवाज येत होता.

शेपटीनं मावशीच्या काखेतली वही ओढून घेतली आणि कानामागची पेन्सिलही. टेबलावरचा टोप बाजूला सारला, वही उघडली आणि कोऱ्या पानावर लिहायला बसली. अक्षर वळणदार नव्हतं, पण ठळक होतं. हळू धर, हळू ओढ. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीशी आल्यावर दिग्दर्शकानं मान लांब केली. शेपटीनं लिहिलं, "जन्माला उशीर झाला तर झाला," आणि "जन्माला" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. सहावी ओळ लिहून तिनं पेन्सिल परत मावशीच्या कानामागं खोचली.

"आता विसरले तर पहिला शब्द हा द्यायचा," तिनं मावशीला सांगितलं. "आणि चहा नंतर प्यायचा."

"बरं बाई," मावशी म्हणाली. तिनं वही छातीशी धरली आणि दिग्दर्शकाला दंडाला धरून बाहेर नेलं. त्याचं बोलणं बोळात बराच वेळ ऐकू येत होतं. मग तिसरी पायरी किंचाळली आणि ते बंद झालं.

शेपटीनं दप्तर उघडलं. पुस्तकांच्या तळाशी गेलेली फणी, एक दात पडलेली, तिनं शोधून काढली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. केसांचं रबर ओढून मनगटावर चढवलं. मग मिशांच्या डब्यांनी भरलेलं बुटकं खोकं तिनं पायानं सरकवत बाबांच्या खुर्चीपुढं आणलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून त्यावर बसली.